डिसेंबरात आडवा आलेला सूर्य

बारामतीच्या एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. नाव दत्तात्रय, पण तालुक्यात ओळख एकच, 'छत्रीवाला दत्ता'. डिश अँटेनाला आमच्याकडे छत्रीच म्हणतात. बारामती ते इंदापूर या पट्ट्यात मी ज्या गावच्या गच्चीवर चढलो नाही असं एक गाव दाखवा, चहा माझ्याकडून. गेल्या वर्षी गुडघ्यांनी शिडीशी काडीमोड घेतला आणि मी दुकान पुतण्याच्या हाती दिलं. आता मी खाली खुर्चीत बसून त्याला चुका सांगतो. हे काम शिडी चढण्यापेक्षा सोपं आहे आणि त्यात मान जास्त आहे.

एक किस्सा मी वर्षानुवर्षं दुकानात सांगत आलोय. लासुर्ण्याच्या साळवे गुरुजींना मी एकदा थाप मारली आणि ती थेट सूर्यानं पकडून दिली, असा तो किस्सा. सांगितला की गिऱ्हाईक हसतं, चहा येतो, काम लांबलं तरी कुणी चिडत नाही. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा पहिला तोच आठवला. पण ती थाप कळायची तर आधी आमचा धंदा कळायला हवा, म्हणून थोडं सोसा.

उपग्रह फिरतो हे शाळेतलं पोरही सांगतं. मग रोज छत्रीचं तोंड का फिरवावं लागत नाही, हे मात्र बी.एस्सी. झालेलेही मला विचारायचे. जत्रेत घोड्यांचं गोल चक्र असतं ना, तसं आहे ते. आतल्या घोड्यावर आपण, बाहेरच्या घोड्यावर उपग्रह. सगळी जत्रा गरगर फिरताना दिसते, पण बाहेरच्या घोड्यावरचा आपल्याला कायम त्याच जागी दिसतो. आमच्या कामाचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, छत्तीस हजार किलोमीटरवर असतात. तिथं एक फेरी पुरी व्हायला एक दिवस लागतो आणि पृथ्वीलाही तेवढाच लागतो. त्यामुळे तो आपल्या आभाळातल्या एका बिंदूवर खिळ्याला टांगल्यासारखा राहतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून तो आपल्याला दक्षिणेच्या अंगाला दिसणार. आपल्याकडचे बहुतेक उपग्रह पूर्वेकडे झुकलेले, म्हणून आमची दिशा आग्नेय. घरात आग्नेयेला चूल आणि गच्चीवर आग्नेयेला छत्री, हा माझा वास्तुशास्त्राचा एकमेव नियम.

उपग्रह स्वतः काही गात नाही, बोलत नाही. जमिनीवरच्या केंद्रातून त्याच्याकडे आवाज फेकतात, तो झेलतो आणि खाली पसरून टाकतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकदमच. पण एवढ्या लांबून खाली येईतो त्यात जीव उरत नाही. म्हणून टीव्हीला परातीएवढी छत्री लागते, सगळं गोळा करून एका ठिकाणी आणायला. उपग्रह रेडिओचं बरं होतं. त्याच्या लहरी वेगळ्या जातीच्या, त्यामुळे त्याला डब्याच्या झाकणाएवढी चपटी अँटेना पुरायची. फक्त तिला आग्नेयेचं आभाळ उघडं दिसायला हवं. मध्ये भिंत, पत्रा किंवा दाट झाड आलं की संपलं.

आता तुम्ही म्हणाल, रेडिओ तर आधीही होताच. होता की. शॉर्टवेव्ह आभाळावर आपटून दूरदूर जायची, पण आवाज भरती-ओहोटीसारखा. एफएम काचेसारखं स्वच्छ, पण डोंगर आडवा आला की मुकं. पुण्याचं एफएम दिवे घाट चढायलाच तयार नसायचं. टीव्हीच्या छत्रीतूनही रेडिओ येतो, फुकट येतो, पण त्यासाठी टीव्हीचा सगळा लवाजमा सुरू करावा लागतो. आणि आता मोबाइल आहेच. टॉवर आहे तोवर राजा, नाही तर खिशातली वीट. या सगळ्यांत उपग्रह रेडिओला आवाजात तोड नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. वर्षाची वर्गणी भरायची आणि जाहिरातीशिवाय, बडबडीशिवाय, चोवीस तास एकाच प्रकारचं संगीत ऐकायचं. एक चॅनेल तर नुसत्या शास्त्रीय गाण्याचा. त्याचं वेड लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

पणदऱ्याच्या एका तात्यांना मात्र तो रेडिओ गाईंसाठी हवा होता. संगीत ऐकून गाई दूध वाढवतात, असं त्यांनी कुठल्याशा कृषी प्रदर्शनात ऐकलं होतं. मी संच बसवायला गेलो तर यांचा आग्रह, गोठ्यातच बसव. वर सगळा पत्रा.

"तात्या, पत्र्याखाली सिग्नल येत नाही."

"का न्हाय यायचा? पत्र्याखालनं देवाला हाक जाती, मग ह्येला काय धाड भरली?"

"देव आपल्याकडे बघतो, तात्या. उपग्रहाकडे आपल्याला बघावं लागतं."

शेवटी गोठ्याबाहेर बांबू रोवला, त्यावर अँटेना बांधली, वायर आत घेतली. तात्यांना लावण्या हव्या होत्या, त्या काही त्या रेडिओवर नव्हत्या. मग गाई महिनाभर विलायती व्हायोलिन ऐकत राहिल्या. दूध वाढलं का, हे तात्यांनी कधी नीट सांगितलं नाही. पण शेजाऱ्यांना मात्र ते सांगायचे, "आमच्या गाईला आता विंग्रजी कळतंय."

मोरगावच्या आबांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या टीव्हीची छत्री दर पंधरा दिवसांनी सरकायची. मी एसटीनं जायचो, दिशा जुळवायचो, परत यायचो. तिसऱ्या खेपेला आबा वैतागून म्हणाले, "दत्ता, तुजा उपग्रहच हलतोय. कंपनीला कळव." मी शिडी लावून वर चढलो. बुटक्या धाब्याच्या घरावर, छत्रीच्या खांबाला पाठ घासत एक शेळी निवांत उभी होती.

"आबा, उपग्रह हालत न्हाय. तुमची शेळी हालती."

"ती व्हय? ती चढती वर कधी कधी," आबा म्हणाले, जणू त्यात नवल ते काय.

तेव्हापासून 'उपग्रह जागचा हलत नाही' हे माझं घोषवाक्य झालं. नव्या गिऱ्हाइकाला मी हेच सांगायचो. माणसं बदलतील, सरकारं बदलतील, उपग्रह जागचा हलणार नाही. साळवे गुरुजींनाही मी हेच सांगितलं होतं.

गुरुजी मला आठवीत भूगोल शिकवायला होते. नकाशा न बघता फळ्यावर भारत काढायचे, गुजरातच्या कच्छासकट. मी भूगोलात बेताचाच, पण त्यांनी मला कधी छडी मारली नाही. उत्तर चुकलं तरी ते रीतीला मार्क द्यायचे. "रीत बरोबर आहे, उत्तर चुकलंय. अर्धे मार्क." वर्गातल्या निम्म्या पोरांना त्या अर्ध्या मार्कांनी तारलं. पुढं ते निवृत्त झाले, पत्नी गेल्या आणि काचबिंदूनं त्यांची दृष्टी हळूहळू गेली. मुलगा वालचंदनगरला नोकरीला, सून सुजाताताई सरकारी दवाखान्यात नर्स. दिवसभर गुरुजी घरात एकटे. पुस्तकं गेली, नकाशे गेले. शास्त्रीय संगीताचा नाद मात्र तरुणपणापासूनचा होता, आणि आता दिवस काढायला तेवढाच उरला होता.

मुलानं उपग्रह रेडिओ घेतला आणि मी बसवायला लासुर्ण्याला गेलो. गुरुजी ओसरीवर बसले होते, मागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मी जय भीम घातला.

"दत्ता का? आवाजावरून ओळखलं. भूगोल काही येत नव्हता तुला."

"आता त्याच्यावरच पोट भरतोय, गुरुजी."

अँटेना खिडकीत बसवली. ते म्हणाले, "उपग्रह कुठं आहे तो दाखव मला." आंधळ्या माणसाला आकाशातली न दिसणारी वस्तू कशी दाखवायची? मी त्यांचा उजवा हात धरला, तर्जनी सरळ केली, आग्नेयेला वळवली आणि क्षितिजापासून अर्ध्या आभाळापर्यंत उचलली. "हितं, गुरुजी." त्यांनी हात तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "विषुववृत्तावर, आपल्यापेक्षा बराच पूर्वेला. म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूला." बरोबर होतं. मी खूश होऊन म्हणालो, "आता काळजी नको. उपग्रह जागचा हलत नाही. तुम्हाला आयुष्यभर पुरेल."

ते वाक्य बोललो नसतो तर बरं झालं असतं. पण विकणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं.

त्यानंतर बारामतीहून इंदापूरला जाताना भवानीनगर ओलांडलं की माझी गाडी आपोआप लासुर्ण्यात थांबायची. गुरुजी सकाळी दहाच्या सुमाराला संच लावायचे, सूनबाई कामाला गेली की. एकदा ऑक्टोबराच्या सुरुवातीला गेलो तर गावातली केबल दुपारी थोडा वेळ बंद पडत होती आणि शेजारी केबलवाल्याच्या नावानं शिव्या घालत होते. गुरुजींनी कारण विचारलं. मी सांगितलं, दरवर्षी मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असे दोनदा काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. त्याच्या झगमगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. काही मिनिटांचा खेळ, मग सूर्य पुढं सरकतो. मोठ्या छत्रीला याचा त्रास, आपल्या चपट्या अँटेनाला जाणवतही नाही.

गुरुजी लहान पोरासारखे खुलले. कपाटावरचा जुना पृथ्वीगोल मला काढायला लावला आणि बोटांनी विषुववृत्त चाचपत मलाच शिकवायला लागले. सूर्य मार्चमध्ये विषुववृत्तावर येतो, तसाच सप्टेंबरात. उपग्रहही विषुववृत्तावरच. मग गाठ पडणारच! "हे मी चाळीस वर्षं शिकवलं, पण त्याचा असा उपयोग होतो हे आज कळलं," असं ते दोनदा म्हणाले.

आणि मग एका डिसेंबराच्या अखेरीस त्या रेडिओ कंपनीनं देशातली सेवा बंद केली. मला आधी कळलं होतं, आमच्या धंद्यात बातमी फिरत होती. तरी मी गुरुजींना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. शेवटी सुजाताताईंचा फोन आला.

"दत्ताभाऊ, रेडिओ बंद हाय सकाळपास्नं. मामंजी नुसते बसून हायेत. येता का जरा?"

गेलो. गुरुजी संचासमोर बसले होते, हात त्याच्या झाकणावर. मी उगाच अँटेना हलवली, वायर काढून लावली, पंधरा मिनिटं नाटक केलं. मग तोंडातून निघालं, "गुरुजी, सूर्य मध्ये आलाय. उपग्रहाच्या बरोबर मागं. आठ दिवसांत सरकेल."

त्यांनी चाचपत संचाचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "बरं. आठ दिवस."

मी सुटलो. तेव्हा वाटलं, त्यांच्या जिवाला धक्का नको म्हणून आपण खोटं बोललो. हे अर्धंच खरं. मी स्वतःला वाचवत होतो. 'आयुष्यभर पुरेल' असं म्हणणारं तोंड कुठं लपवायचं, हा प्रश्न होता. उपग्रह अजून तिथंच होता, जागचा तसूभर हलला नव्हता. खाली माणसांनी दुकान बंद केलं होतं, आणि याचा अंदाज माझ्या घोषवाक्यात नव्हता.

ते आठ दिवस मी धडपडलो. टीव्हीची मोफत सरकारी छत्री असते, तिच्यात रेडिओचे चॅनेल येतात. पण गुरुजींना टीव्हीचा पडदा दिसणार नाही, मग चॅनेल शोधायचा कसा? मी छत्रीच्या डब्याला, म्हणजे सेट-टॉप बॉक्सला, टीव्ही जोडलाच नाही, सरळ स्पीकर जोडला. रिमोटच्या पाचच्या बटणावर ज्वारीचा दाणा चिकटवला, म्हणजे बोटाला मध्य सापडावा. कुठून किती बटणं दाबली की संगीत, किती दाबली की बातम्या, हे दुकानात बसून दहा वेळा मोजलं. लाइट जाऊन आली की तो डबा आपल्या मनानं पहिल्या चॅनेलवर जाऊन बसायचा. तिथून परत कसं यायचं, त्याचीही रीत बसवली. माझ्या सगळ्या नोकरी-धंद्यातलं हे सगळ्यात नीटस काम, हे मी अभिमानानं सांगतो.

नवव्या दिवशी सगळं घेऊन लासुर्ण्याला गेलो. छत्री गच्चीवर बसवली, वायर खाली सोडली. गुरुजींचा हात धरला आणि तर्जनी नव्या उपग्रहाकडे नेली. "मागच्यापेक्षा थोडं उजवीकडं, गुरुजी. आणि जरा वर." मग धीर केला. "सूर्य वगैरे काही नव्हतं. कंपनीच बंद झाली."

गुरुजी हसले. "दत्ता, डिसेंबरात सूर्य कुठं असतो?"

मी उरलेली वायर गुंडाळायला लागलो.

"मकरवृत्तावर. आठवीत शिकवलंय. उपग्रह विषुववृत्तावर. त्याच्या मागं जायला सूर्याला मार्चपर्यंत थांबावं लागतं. आणि चपट्या अँटेनाला त्याचा त्रास होत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस."

म्हणजे थाप दोन्हीकडून फसलेली होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण गुरुजींनी मान डोलावली. "सूर्य मध्ये आला की आवाज बुडतो, ही रीत बरोबर. महिना चुकला. अर्धे मार्क." सुजाताताईही हसल्या, चहा झाला. नव्या डब्यावर चोवीस तास गाणं नव्हतं. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, मध्ये बातम्या आणि शेतकऱ्यांचे कार्यक्रम. गुरुजींनी ते मनाला लावून घेतलं नाही. दोन महिन्यांत त्यांना कोथिंबिरीचे भाव पाठ झाले.

इथवर मी दुकानात सांगायचो. गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो.

हा लेख अंकाला पाठवायच्या आधी गुरुजींना वाचून दाखवावा म्हणून मी गेल्या महिन्यात लासुर्ण्याला गेलो. नातवानं आता त्यांना मोबाइलवर हवं ते गाणं लावून दिलंय, नुसतं नाव घेतलं की लागतं. तरी ज्वारीचा दाणा चिकटवलेला रिमोट उशाशी आहे. मी वर्तमानपत्र वाचावं तसा मोठ्यानं वाचत गेलो. शेळीला ते खूप हसले. इंडोनेशियाला मान डोलावली. अर्ध्या मार्कांपर्यंत आलो आणि थांबलो, शाबासकीची वाट बघत.

"एक राहिलंय," ते म्हणाले. "तुला माहीत नाही, म्हणून राहिलंय. तू सूर्य मध्ये आला म्हणालास, तेव्हाच मला कळलं, खोटं आहे. तू गेल्यावर सुजाताला कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढायला लावला. बोट मकरवृत्तावर ठेवून बघितलं, विषुववृत्तावर ठेवून बघितलं. शंकाच नव्हती. तरी ते आठ दिवस रोज दहा वाजता मी संच लावत होतो."

"का, गुरुजी?"

"काय सांगू. सगळं आयुष्य भूगोल शिकवला. त्या आठ दिवसांत रोज सकाळी बटण दाबताना वाटायचं, माझा भूगोल चुकावा."

मी कागद गोळा केले. तो किस्सा आता लेखातून काढून टाकतो, म्हणालो.

"काढू नको," गुरुजी म्हणाले. "बरा लिहिलायस. पण हे पण लिही."

म्हणून लिहिलं.